रुग्णाची झोप : अल्लाहची देणगी, आपली अमानत




सर्व स्तुती त्या अल्लाहकरिता, ज्याला स्वतःला झोपेची गरज नाही आणि ज्याने आपल्या दुर्बळ दासांसाठी झोप निर्माण केली. दरूद व सलाम असो आदरणीय प्रेषित मुहम्मद (स.) यांच्यावर, ज्यांनी जागणाऱ्याचा हक्क सांगितला आणि झोपणाऱ्याचाही.

आज ज्या विषयाकडे आपले लक्ष वेधावयाचे आहे, तो मिंबरवर क्वचितच येतो. रुग्णसेवेच्या पुण्याबद्दल आपण ऐकतो, आजाऱ्याला भेटण्याच्या सवाबाबद्दल ऐकतो. परंतु रुग्णालयाच्या खाटेवर पडलेल्या माणसाला रात्री झोप लागते की नाही, न लागल्यास का लागत नाही, आणि त्यात आपला स्वतःचा वाटा किती, हा प्रश्न आपण सहसा विचारीत नाही. वास्तविक दिव्य कुरआन आणि प्रेषितांची सुन्नत या दोहोंत या प्रश्नाचे इतके स्पष्ट मार्गदर्शन आहे, की आपण त्याकडे दुर्लक्ष केले तर ते केवळ अज्ञान राहत नाही. दुसऱ्याच्या हक्कावर घातलेला तो हात ठरतो.

झोप : अल्लाहची एक निशाणी

आकाश, पृथ्वी, भाषांची आणि रंगांची विविधता यांच्या बरोबरीने कुरआन माणसाच्या झोपेचा अल्लाहच्या निशाण्यांमध्ये उल्लेख करतो (३०:२२-२३). अन्यत्र रात्रीला वस्त्राची आणि झोपेला विसाव्याची उपमा दिली आहे (२५:४७, ७८:९-१०). वस्त्र अंग झाकते, थंडी-उन्हापासून राखते, लाज सांभाळते. रात्रही थकलेल्या जिवाला तसेच झाकून घेते.

सूरह अल-कससमध्ये अल्लाहने माणसांना एक प्रश्न विचारला आहे. त्याचा आशय असा, की जर अल्लाहने कयामतपर्यंत तुमच्यावर कायम दिवसच ठेवला, तर ज्यात तुम्ही विसावा घ्याल अशी रात्र अल्लाहखेरीज दुसरा कोण आणून देईल (२८:७२)? ही आयत मी अनेकदा वाचली व वाचून दाखवली आहे. पण तिची धार रुग्णालयाच्या वॉर्डात विशेष जाणवते. तिथे रात्रभर डोक्यावर ट्यूबलाइट जळत असते, पहाटेपर्यंत पावले वाजत असतात, आणि खाटेवरचा माणूस डोळ्यांवर आडवा हात ठेवून पडलेला असतो. अल्लाहने रात्र दिलेली असते. माणसांनी ती हिरावून घेतलेली असते.

आपल्या हकीमांच्या परंपरेतही झोपेचे स्थान मोठे आहे. इब्ने सीना यांच्या वैद्यकात आणि त्यावर उभ्या राहिलेल्या युनानी उपचारपद्धतीत आरोग्यासाठी सहा अपरिहार्य गोष्टी मानल्या जातात. त्यांना असबाब-ए-सित्ता जरूरिया म्हणतात. हवा, अन्नपाणी, शरीराची हालचाल व विश्रांती, मनाची हालचाल व विश्रांती, झोप व जागरण, आणि मलमूत्रादींचे विसर्जन व धारण अशा त्या सहा. म्हणजे झोप ही औषधानंतर उरलेल्या वेळात घ्यायची चैन नव्हे. ती हवा-पाण्याच्या पंक्तीला बसते.

रुग्णालयातील रात्र

जालना जिल्ह्याचे आठ तालुके आहेत : जालना, बदनापूर, भोकरदन, जाफ्राबाद, अंबड, घनसावंगी, परतूर आणि मंठा. या तालुक्यांच्या खेड्यांतून माणूस आजारी पडला की तो आधी जवळच्या ग्रामीण रुग्णालयात जातो, मग जालना शहरात येतो. २०२४ साली जालन्यात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले, ही जिल्ह्यासाठी आनंदाची गोष्ट आहे. तरीही प्रकृती अधिक बिघडली तर पुष्कळांना औरंगाबादच्या, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरच्या, घाटी रुग्णालयाची वाट धरावी लागते. अशा प्रवासात माणूस आपले घर, आपली उशी, आपल्या अंगणातली शांतता मागे सोडून येतो. अनोळखी जागेतील पहिली रात्र निरोगी माणसालाही नीट झोपू देत नाही. मग ज्याच्या पोटावर टाके आहेत, हातात सलाइनची सुई आहे, त्याची काय कथा?

हा अनुभव केवळ आपल्याकडचा नाही. नेदरलँड्स या श्रीमंत देशातील ३९ रुग्णालयांत २,००५ रुग्णांची पाहणी झाली आणि तिचे निष्कर्ष २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. रुग्णालयात माणूस घरच्यापेक्षा सरासरी ८३ मिनिटे कमी झोपतो आणि नेहमीपेक्षा ४४ मिनिटे आधी जागा होतो, असे त्यात आढळले. सुमारे ७० टक्के रुग्णांनी सांगितले, की आपल्याला बाहेरच्या कारणांनी जाग आली. म्हणजे झोप मोडणारी गोष्ट नेहमी आजारच असते असे नाही. बऱ्याचदा ती भोवतालची माणसे, यंत्रे आणि दिवे असतात.

वैद्यकशास्त्र सांगते, की झोप एकसारखी सलग नसते. उथळ झोप, गाढ झोप आणि स्वप्नांची झोप यांची फेरी साधारण दीड तासाने पुन्हा सुरू होते. दर अर्ध्या तासाला कोणी उठविले तर माणूस रात्रभर पडून राहील, पण गाढ झोपेपर्यंत पोहोचणारच नाही. अशा तुटक झोपेने वेदना अधिक जाणवतात, चिडचिड वाढते, भूक मंदावते. वयोवृद्ध रुग्ण, विशेषतः अतिदक्षता विभागातील, कधीकधी भ्रमिष्टासारखे बोलू लागतात; घरच्यांना ओळखत नाहीत, सलाइन ओढून काढतात. आपल्याकडे लगेच कोणी म्हणते, बाहेरची बाधा झाली. अशा वेळी प्रथम डॉक्टरांना सांगावे. जंतुसंसर्ग, औषधांचा परिणाम, शरीरातील क्षारांचा बिघाड अशी कारणे त्यामागे असू शकतात, आणि मोडलेल्या झोपेचाही त्यात वाटा असू शकतो. दुआ जरूर करावी. पण दुआच्या नावाखाली उपचाराला उशीर करू नये.

गुहेतील निद्रा आणि तीन गोष्टी

दर शुक्रवारी आपल्यापैकी अनेकजण सूरह अल-कहफची तिलावत करतात. काही तरुण आपला ईमान वाचविण्यासाठी गुहेत आश्रय घेतात, आणि अल्लाह त्यांना तीनशेहून अधिक वर्षे झोपवितो. हा अल्लाहचा चमत्कार आहे. तो वैद्यकाचा धडा म्हणून सांगितलेला नाही, हे ध्यानात असू द्यावे. तरीही त्या निद्रेचे वर्णन करताना अल्लाहने कोणत्या गोष्टींचा उल्लेख केला, हे पाहण्यासारखे आहे.

पहिली गोष्ट कानांची. अल्लाहने त्यांच्या कानांवर पडदा टाकला, असे तेथे म्हटले आहे (१८:११). झोपवायचे तर डोळ्यांचा उल्लेख यावा असे आपल्याला वाटेल. पण उल्लेख आला कानांचा. डोळे माणूस स्वतः मिटू शकतो, कान मिटता येत नाहीत. झोपलेल्याला जाग येते ती बहुधा कानावाटे.

दुसरी गोष्ट उजेडाची. सूर्य उगवताना त्यांच्या गुहेच्या उजवीकडून कलून जाई आणि मावळताना डावीकडून निघून जाई. ते आत मोकळ्या जागेत पडलेले होते (१८:१७). हवा होती, जागा होती, पण ऊन अंगावर येत नव्हते.

तिसरी गोष्ट शरीराची. अल्लाह त्यांना उजव्या व डाव्या कुशीवर वळवीत असे (१८:१८). आज डॉक्टर व परिचारिका आपल्याला हेच सांगतात, की जो रुग्ण स्वतः हलू शकत नाही त्याची कूस साधारण दर दोन तासांनी बदला, नाहीतर पाठीला, कमरेला, टाचेला दाबाने जखमा होतात.

आवाज, उजेड आणि अंगाची अवस्था या तीन गोष्टी आजच्या रुग्णालयातही झोप ठरवितात. त्यांना चौथी जोडावी लागते, ती मनातील भयाची. आता या एकेकीबद्दल आपल्या दीनने काय शिकविले आहे ते पाहू.

झोपलेल्याचा हक्क

हजरत मिकदाद (रजि.) यांची एक हदीस सहीह मुस्लिममध्ये आहे. ते आणि त्यांचे दोन सोबती भुकेने व्याकूळ होऊन मदीनेत आले. प्रेषितांनी त्यांना आपल्या घरी ठेवून घेतले. शेळ्यांचे दूध काढून ते सर्वजण वाटून घेत. मिकदाद (रजि.) सांगतात, की प्रेषित (स.) रात्री येत तेव्हा इतक्या हलक्या आवाजात सलाम करीत, की जागा असलेल्याला ऐकू जाई आणि झोपलेला उठत नसे.

सलाम म्हणजे शांतीची दुआ. तिचे पुण्य कोणाला माहीत नाही? पण प्रेषितांनी ती दुआसुद्धा झोपलेल्याची झोप मोडेल अशा आवाजात दिली नाही.

दुसरी हदीस माता आयेशा (रजि.) यांची, तीही सहीह मुस्लिममधीलच. एका रात्री प्रेषितांना जन्नतुल बकी येथे जायचे होते. आयेशा (रजि.) झोपल्या आहेत असे त्यांना वाटले. त्यांनी हळूच चादर उचलली, हळूच पादत्राणे घातली, हळूच दार उघडले आणि बाहेर पडून हळूच लावून घेतले. पुढे त्यांनी स्वतःच सांगितले, की तुला उठविणे मला बरे वाटले नाही आणि तू एकटी घाबरशील अशी मला भीती वाटली. चादर, पादत्राणे, दार : तीन वस्तू, आणि तिन्ही वेळा तोच हळुवारपणा. आपल्या घरांत तहज्जुदला उठणारे कितीतरी भाग्यवान आहेत. त्यांच्यापैकी किती जणांना ही सुन्नत आठवते?

ही हदीस वॉर्डात नेऊन पाहावी. रात्री अकरा वाजता मोबाइलवर मोठ्याने बोलणारा नातेवाईक, डब्याची झाकणे वाजवीत जेवणारे चारजण, लोखंडी स्टूल फरशीवरून ओढत नेणारा तरुण, मोबाइलवर बयान किंवा नात लावून ती साऱ्या वॉर्डाला ऐकविणारे आपलेच एखादे बुजुर्ग. नात ऐकणे चांगले. पण शेजारच्या खाटेवरच्या माणसाची झोप मोडून ऐकलेली नात कोणत्या वहीत लिहिली जाईल, याचा विचार करावा.

शेजारची खाट हा शब्द येथे महत्त्वाचा आहे. सूरह अन-निसामध्ये आई-वडील, नातलग, अनाथ, गरीब आणि शेजारी यांच्याशी भलाईने वागण्याचा आदेश देताना जवळ बसणाऱ्या सोबत्याचाही उल्लेख आहे (४:३६). भाष्यकारांनी प्रवासातील सोबत्याचा, थोडा वेळ शेजारी आलेल्या माणसाचाही त्यात समावेश केला आहे. वॉर्डातील शेजारी असाच सोबती होय. तो हिंदू असो, बौद्ध असो, मुस्लिम असो. आठ दिवस आपण त्याच्या तीन फुटांवर राहतो. त्याची झोप सांभाळणे हा आपल्यावरील त्याचा हक्क आहे. आपल्या दीनची ओळख त्याला पुस्तकातून होणार नाही. ती आपण रात्री किती हळू बोलतो यातून होईल.

इयादत : पुण्य आणि ओझे

आजाऱ्याला भेटणे, म्हणजे इयादत, हा मुस्लिमाचा मुस्लिमावरील हक्क आहे. सहीह मुस्लिममधील हदीस-ए-कुदसीनुसार कयामतच्या दिवशी अल्लाह दासाला विचारील, की मी आजारी होतो, तू मला भेटायला का आला नाहीस? दास म्हणेल, तू तर साऱ्या विश्वाचा पालनकर्ता, तुला मी कसा भेटणार? तेव्हा त्याला सांगितले जाईल, की अमुक दास आजारी होता. त्याला भेटला असतास तर मला त्याच्यापाशी पावला असतास. इतके मोठे हे कर्म आहे.

म्हणूनच ते नासू नये. प्रेषित (स.) आजाऱ्याजवळ जात, त्याला धीर देणारे दोन शब्द बोलत, बरे वाटण्याची आणि गुनाहांपासून शुद्धी होण्याची आशा दाखवीत, दुआ करीत. हजरत इब्ने अब्बास (रजि.) यांच्याकडून मिश्कातमध्ये असेही नमूद आहे, की आजाऱ्यापाशी थोडा वेळ बसणे आणि गोंगाट न करणे ही सुन्नत आहे.

आपल्याकडे मात्र इयादत कुटुंबकबिल्यासह होते. अंबडहून काका येतात, परतूरहून मामा येतात, सोबत लहान मुले येतात. दुपारी रुग्णाचा डोळा लागलेला असतो, आलेला पाहुणा त्याच्या खांद्याला हात लावून म्हणतो, "भाईजान, बघा कोण आलंय!" मग ऑपरेशनची हकीकत पुन्हा पहिल्यापासून. मग कोणाच्या तरी सासऱ्याला हाच आजार झाला होता आणि तो कसा वारला, याचे वर्णन. पाहुणा सवाब घेऊन गेला अशा समजुतीत घरी जातो. रुग्ण मात्र ती रात्र छताकडे पाहत काढतो.

एका वृद्ध रुग्णाने मला हलक्या आवाजात सांगितलेले एक वाक्य मी विसरलेलो नाही : "मौलाना, लोक प्रेमाने येतात, त्यांना जा म्हणवत नाही, पण दुआ करा, की आज कोणी येऊ नये." ज्या समाजात आजारी माणसाला आपल्या हितचिंतकांपासून सुटका व्हावी म्हणून दुआ मागावी लागते, तेथे इयादतचा अर्थ पुन्हा शिकण्याची वेळ आली आहे.

रुग्ण झोपला असेल तर त्याला उठवू नका. दाराशी उभे राहून दुआ करा, सोबतीला असलेल्या माणसाला सांगा, "जागे झाल्यावर आमचा सलाम सांगा," आणि परत फिरा. नियत अल्लाहला ठाऊक आहे. आपण आलो होतो हे रुग्णाला न कळले तरी अल्लाहला कळले आहे, आणि मोबदला देणारा तोच आहे.

भोंगा, बेंजो आणि वरात

आवाज वॉर्डाच्या आतूनच येतो असे नाही. ध्वनिप्रदूषण (विनियमन व नियंत्रण) नियम, २००० मध्ये रुग्णालयांभोवतीचा १०० मीटरचा परिसर शांतता क्षेत्र म्हणून राखण्याची तरतूद आहे, आणि अशा क्षेत्रात रात्री १० ते सकाळी ६ या काळात आवाजाची मर्यादा ४० डेसिबल आहे. हळू आवाजातील घरगुती बोलणेसुद्धा या मर्यादेच्या आसपास जाते. मग लग्नाच्या वरातीतील बेंजो, डीजे, फटाके, आणि जलशाचे कर्णे यांचे काय?

येथे मी आपल्याच घराविषयी बोलणार आहे. दुसऱ्याच्या मिरवणुकीचा आवाज आपल्याला ऐकू येतो, आपला येत नाही. रात्री उशिरापर्यंत चालणारा आपला जलसा, रमजानमध्ये सहरीसाठी तासभर आधीपासून होणारे पुकारे, लग्नातील वरात यांचे आवाज जवळच्या दवाखान्यातील खिडकीतून आत जात नाहीत काय?

सुनन अबू दाऊदमध्ये आहे, की प्रेषित (स.) मशिदीत एतिकाफला बसले असता लोक मोठ्या आवाजात कुरआन पठण करीत होते. प्रेषितांनी पडदा बाजूला करून सांगितले, की तुमच्यापैकी प्रत्येकजण आपल्या पालनकर्त्याशी संवाद साधीत आहे. तेव्हा एकमेकांना त्रास देऊ नका आणि पठणात एकाने दुसऱ्यावर आवाज चढवू नका. विचार करा. जागा मशीद, काळ एतिकाफचा, वाचले जात होते कुरआन. आणि तरीही दुसऱ्याला त्रास होईल इतका आवाज करण्यास मनाई झाली. मग रुग्णाच्या बाबतीत काय सांगावे?

हजरत बिलाल (रजि.) यांची अजान मशिदीजवळच्या एका उंच घरावरून मानवी कंठाने दिली जात असे आणि तिने मदीना जागे होई. अजान आमच्या जिवापेक्षा प्रिय आहे. पण कर्ण्याचा आवाज किती ठेवावा, तो कोणत्या दिशेला असावा, अजानखेरीज अन्य गोष्टींसाठी तो वापरावा की नाही, हे ठरविणे आमच्या विश्वस्तांच्या हाती आहे. ते पोलिसांच्या नोटिशीची वाट पाहून ठरवू नये. शेजारी एखादा आजारी डोळे मिटून पडला आहे, एवढे कारण मुस्लिमासाठी पुरेसे असावे.

उजेड, वेदना आणि रात्रीचे उपचार

अंधार पडला की मेंदू मेलाटोनिन नावाचे द्रव्य स्रवतो. त्याने शरीराला रात्र झाल्याचे कळते. डोळ्यांवर तीव्र उजेड राहिला की ते कमी होते. म्हणून दिवसा रुग्णाला खिडकीजवळ, शक्य असल्यास सकाळच्या उन्हात बसवावे आणि रात्री त्याच्या डोळ्यांवर स्वच्छ मऊ कापड ठेवावे. परिचारिकेला विनंती करून खाटेवरचा दिवा मंद करता येतो का ते पाहावे. दुपारची थोडी झोप, म्हणजे कैलूला, ही सुन्नत आहे. पण ती दोन-तीन तास लांबली तर रात्रीची झोप खाऊन टाकते.

वेदना सहन करीत गप्प पडून राहणे म्हणजे सब्र, असा एक समज आपल्यात आहे. सब्र म्हणजे अल्लाहविषयी तक्रार न करणे. डॉक्टरांना आपले दुखणे सांगणे म्हणजे तक्रार नव्हे, तो उपचाराचा भाग आहे. आणि उपचार करण्याची आज्ञा प्रेषितांनीच दिली आहे. दुखणे वाढण्याआधी सांगावे. संध्याकाळी लघवीचे औषध घेतल्याने रात्री चार वेळा उठावे लागते, काही औषधांनी डोळा लागत नाही; अशा वेळी औषधाची वेळ बदलता येईल का, हे डॉक्टरांना विनयाने विचारावे. स्वतःच्या मनाने औषध बंद करू नये आणि दुकानातून झोपेची गोळी आणून देऊ नये.

रात्री येऊन ताप पाहणाऱ्या, रक्तदाब मोजणाऱ्या सिस्टरवर रागावणेही योग्य नाही. गंभीर रुग्णाला रात्रीही तपासावेच लागते. कधी त्या एका तपासणीने जीव वाचतो. त्या बहिणीची स्वतःची रात्रही आपल्यासाठी गेलेली असते. जो माणसांचे आभार मानीत नाही तो अल्लाहचेही आभार मानीत नाही, हा प्रेषितांचा उपदेश तिच्या बाबतीत विशेष आठवावा.

भय आणि अमन

बद्रच्या प्रसंगी अल्लाहने ईमानधारकांवर डुलकी पाठविली, ती त्याच्याकडून आलेली निर्भयता होती (८:११). उहुदच्या दुःखानंतरही अशीच डुलकी आली. ज्यांना केवळ स्वतःच्या जिवाची चिंता लागली होती ते मात्र तिच्यापासून वंचित राहिले (३:१५४). शत्रू समोर असताना झोप येणे हे शरीराच्या हातात नाही. भय गेले की झोप येते, आणि भय घालविणारा अल्लाह आहे.

रुग्णालयातील भय अनेक प्रकारचे असते. उद्याच्या ऑपरेशनचे, बिलाचे, घरी राहिलेल्या लेकरांचे, पेरणी खोळंबल्याचे. त्याच्यापाशी बसून पैशांच्या गोष्टी करू नयेत. घरच्यांनी बाहेर व्हरांड्यात हिशेब करावा आणि आत येऊन एवढेच सांगावे, की व्यवस्था झाली आहे किंवा होत आहे. समाजातील संपन्न बांधवांना येथे मोठी संधी आहे. कोणाचे बिल अडले असेल तर त्याला रात्री आठ वाजता कळवा, "तुम्ही चिंता करू नका". त्या रात्रीची त्याची झोप तुमच्या नावे लिहिली जाईल, अशी अल्लाहकडून आशा ठेवा.

प्रेषित (स.) झोपण्यापूर्वी सूरह अल-इख्लास, अल-फलक आणि अन-नास पढून दोन्ही तळव्यांवर फुंकर घालीत व ते अंगावरून फिरवीत. अखेरच्या आजारात त्यांना हे स्वतः करणे जड जाऊ लागले, तेव्हा माता आयेशा (रजि.) पढत आणि बरकतीसाठी प्रेषितांचाच हात त्यांच्या अंगावरून फिरवीत. रुग्णाच्या उशाशी बसलेल्या पत्नीला, मुलीला, आईला यापेक्षा सुंदर आदर्श कोणता हवा? हळू आवाजात पढावे, कपाळावरून हात फिरवावा. ओळखीचा हात आणि ओळखीचे शब्द यांनी जिवाला अमन मिळते.

रुग्णाच्या मनातील बोच

आमच्या दीनदार बांधवांना रात्री झोप न येण्याचे आणखी एक कारण मी पाहिले आहे. नमाज सुटत असल्याची बोच. तिच्याबद्दल दीनची शिकवण समाधान देणारी आहे.

हजरत इमरान बिन हुसैन (रजि.) यांना मूळव्याधीचा त्रास होता. प्रेषितांनी त्यांना सांगितले, की उभे राहून नमाज पढा, ते न जमल्यास बसून, तेही न जमल्यास कुशीवर पडून. पाण्याने अपाय होत असेल तर तयम्मुमची सवलत कुरआननेच दिली आहे (५:६). झोप अनावर झाली आणि वेळ निघून गेली, तर जाग येताच नमाज पढावी. खैबरहून परतताना स्वतः प्रेषित आणि सहाबा फजरच्या वेळी झोपून राहिले होते, पहाऱ्यावरील बिलाल (रजि.) यांचाही डोळा लागला होता. झोपेत कसूर नसते, कसूर जागेपणी टाळण्यात असते, ही शिकवण अशाच प्रसंगांतून उम्मतला मिळाली. मात्र सवलतीचा अर्थ बेफिकिरी नव्हे. औषधाची, झोपेची आणि नमाजची वेळ कशी जुळवावी, हे जवळच्या आलिमांना आणि डॉक्टरांना विचारून आधीच ठरवावे.

आणि जो दररोज तहज्जुदला उठत होता, पण आता उठू शकत नाही, त्याने ही शुभवार्ता ऐकावी. सहीह बुखारीतील हदीसनुसार दास आजारी पडतो किंवा प्रवासात असतो, तेव्हा निरोगी व मुक्कामी असताना तो जे पुण्यकर्म करीत असे, त्याचा मोबदला त्याच्या नावे लिहिला जातच राहतो. म्हणजे आजारी मोमिन निजलेला असतो आणि त्याची तहज्जुद लिहिली जात असते. मग त्याने निश्चिंत होऊन का झोपू नये?

सोबत जागणाऱ्यांची झोप

शेवटी त्यांच्याविषयी, ज्यांचे नाव केस पेपरवर नसते. वॉर्डाच्या फरशीवर गोधडी अंथरून पडणारी आई, दिवसा कारखान्यात पाळी करून रात्री बापाजवळ बसणारा मुलगा, घर, डबा आणि रुग्णालय अशा तिन्ही ठिकाणी धावणारी सून. हजरत सलमान (रजि.) यांनी आपले मित्र अबू दरदा (रजि.) यांना रात्रभर इबादत करण्यापासून रोखून झोपायला लावले आणि सांगितले, की पालनकर्त्याचा, शरीराचा आणि कुटुंबाचा, प्रत्येकाचा हक्क द्या. प्रेषितांनी ते मान्य केले. इबादतीसाठी जागणाऱ्याला जर शरीराचा हक्क सांगितला गेला, तर सेवेसाठी जागणाऱ्यालाही तो लागू आहे.

म्हणून आळीपाळी लावा. एकाच सुनेने सात रात्री जागायच्या आणि चार भावांनी दिवसा येऊन विचारपूस करायची, हा इन्साफ नाही. मोहल्ल्यातील तरुणांनी ठरविले तर प्रत्येकाच्या वाट्याला महिन्यातून एखादी रात्रही येणार नाही, पण कोणा एका थकलेल्या आईला घरी जाऊन सहा तास झोपता येईल. इयादतला जाऊन अर्धा तास बोलण्यापेक्षा "आज रात्री मी बसतो, तुम्ही घरी जा" हे वाक्य कितीतरी मोलाचे आहे.

जात्याने हाताला फोड आलेल्या हजरत फातिमा (रजि.) यांनी सेवक मागितला, तेव्हा प्रेषित (स.) रात्री त्यांच्या घरी गेले. त्या उठू लागल्या तर त्यांनी त्यांना जागेवरच राहण्यास सांगितले आणि झोपण्यापूर्वी ३३ वेळा सुब्हानल्लाह, ३३ वेळा अलहम्दुलिल्लाह व ३४ वेळा अल्लाहु अकबर म्हणण्यास शिकविले. थकलेल्या प्रत्येक सेवेकऱ्यासाठी हा तोहफा आजही तसाच आहे.

प्रिय वाचकहो, खंदकच्या लढाईत जखमी झालेले हजरत सअद बिन मुआज (रजि.) यांच्यासाठी प्रेषितांनी मशीद-ए-नबवीतच तंबू उभारला होता, जवळून विचारपूस करता यावी म्हणून. त्या मशिदीत नमाजही होत होती आणि जखमीही विसावत होता. आपल्या मशिदीतून निघणारा माणूसही असाच असावा, की त्याच्या जाण्याने वॉर्डात शांतता वाढावी.

हे अल्लाह, आमच्या आजाऱ्यांना शिफा दे. जे वेदनेने जागे आहेत त्यांच्या वेदना हलक्या कर, जे भीतीने जागे आहेत त्यांच्या मनात तुझी अमन उतरव. त्यांच्यासाठी जागणाऱ्या आया, बहिणी, मुलगे, परिचारिका आणि डॉक्टर यांना उत्तम मोबदला दे. आमच्या जिभांना आणि पावलांना हळुवारपणा दे, आणि आमच्यामुळे कोणाची झोप मोडू देऊ नकोस.

आमीन, या रब्बल आलमीन.